प्रेरणेचा रकाना

जुनी घरं जपण्याच्या कामात सर्वांत मोठा अडथळा वाळवीचा नसतो, पुराचाही नसतो. तो त्या घरांत राहणाऱ्या माणसांचा असतो. वाळवीवर औषध आहे, आणि पूर दरसाल येतो तसा दरसाल ओसरतोही. माणसं मात्र बाराही महिने, दिवसातून चार-पाच वेळा, घराच्या ऐतिहासिक मूल्याला बाधा येईल अशा गरजा घेऊन उभी राहतात. बेन दाओ नगराच्या वारसा जतन कक्षाला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच कक्षाने नमुना सात काढला.

नदीकाठच्या या गावात अकराशे चार जुनी घरं आहेत आणि त्यांच्या चार श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीच्या घरात काहीही बदलता येत नाही. दुसऱ्या श्रेणीच्या घरात काहीही बदलता येत नाही, पण त्यासाठी अर्ज करता येतो. तिसऱ्या श्रेणीत अर्जाचा विचार होतो. चौथ्या श्रेणीत वाटेल ते करता येतं. मात्र आपलं घर चौथ्या श्रेणीत जावं असं त्या काळी गावात कुणालाच वाटत नव्हतं. आपला मुलगा चौथ्यांदा नापास व्हावा असं कुणाला वाटतं का?

श्रीयुत फुंग वान लाम यांचं घर दुसऱ्या श्रेणीचं. घराला एकशे चाळीस वर्षं झालेली. दारावर लाकडी डोळे कोरलेले, आत फणसाच्या लाकडाचे खांब, मधल्या दालनात पूर्वजांचा देव्हारा. पुढच्या पडवीत लाम यांची बायको लिएनबाई सकाळी छोट्या वाट्यांत उकडलेल्या तांदळाच्या वड्या, बान्ह बेओ, विकायच्या. लाम स्वतः टपाल खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. योग्य लखोट्यात घातलेला कागद योग्य ठिकाणी पोचतोच, यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देव्हाऱ्यावरही नव्हती.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्यांची आई, दिएप आजी. वय वर्षं त्र्याऐंशी.

संडास आणि मोरी घराच्या अगदी शेवटी. स्वयंपाकघर ओलांडायचं, परसातून एकोणीस पावलं चालायचं, मग तीन शेवाळलेल्या पायऱ्या उतरायच्या. रेशनच्या काळात, १९७९ साली, लाम यांच्या वडिलांनी पुलाच्या कामातून उरलेलं सिमेंट मिळवून हे बांधकाम स्वतःच्या हाताने केलं होतं. चार भिंती, वर पत्रा, आत पाण्याचा हौद, हौदावर तांब्यासारखं दांड्याचं प्लास्टिकचं भांडं, आणि दार असं की जरा उचलून धरल्याशिवाय बंद होत नसे. लाम निवृत्त झाल्यानंतरच्या एका वर्षी, तेत या नववर्षाच्या सणाच्या चौथ्या दिवशी, दिएप आजींचा पाय दुसऱ्या पायरीवरून घसरला. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर आजींनी त्या पायरीवर कधी विश्वास ठेवला नाही.

"अहो," लिएनबाई म्हणाल्या, "जिन्याखालच्या खोलीतले मासळी मुरवायचे रांजण काढा आणि तिथं आईंना बाथरूम करून द्या. दोन माणसं मावतील एवढी जागा आहे, आणि आईंना एकटीलाच जायचंय."

गवंडी बोन आला. (बोन म्हणजे चौथा. आईबापाला चौथ्या मुलापर्यंत नावं सुचायची बंद झाली होती.) त्याने वितीने जागा मोजली आणि सांगितलं, "आठ दिवस."

"आणि डिझाइन?" लाम यांनी विचारलं.

"डिझाइन? पाणी वरून येतं, खाली जातं. हेच डिझाइन."

लाम यांना हे फार ढोबळ वाटलं. घर दुसऱ्या श्रेणीचं होतं. ते कक्षात गेले आणि नमुना सात घेऊन आले. त्याचं पूर्ण नाव 'जुन्या वास्तूत नूतन स्वच्छता-सुविधा निर्माण करण्यासाठीचे सौंदर्यप्रेरणा-निवेदन'. पहिल्या तीन रकान्यांत नाव, घर क्रमांक आणि श्रेणी. चौथा रकाना प्रेरणेचा. लाम यांनी टपालखात्याच्या वळणदार अक्षरात त्यात लिहिलं : आईचा पाय घसरतो.

सेहेचाळीस दिवसांनी अर्ज परत आला. समासात लाल शाईने शेरा होता : "हे कारण आहे. प्रेरणा नव्हे."

लाम यांना राग आला नाही. उलट त्यांना अपराधी वाटलं, पत्त्याच्या जागी मजकूर लिहिणाऱ्या माणसासारखं. ते पुन्हा कक्षात गेले. तिथल्या अधिकारी उयेनबाई, वय पस्तीसच्या आसपास, बोलायला अतिशय गोड. त्यांनी लाम यांना चहा दिला.

"काका, तुमची अडचण मला कळते हो. पण अडचण कुठून आली हे नमुना विचारतच नाही. कल्पना कुठून आली ते विचारतो."

"कल्पना बायकोची आहे."

"काकूंचा काळ कुठला?"

प्रेरणा चार अटींत बसावी लागते, हे मग त्यांनी समजावून सांगितलं. ती घराच्या काळातली हवी. याच गावातली हवी. कुणाची नक्कल नको. आणि नवी नको. या चारही अटी पूर्ण करणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे बाथरूम न बांधणं. पण तसं नमुन्यात कुठं लिहिलेलं नाही. (कक्ष अर्जदारांवर आपलं मत लादत नाही.)

लाम शोधाला लागले. एकशे चाळीस वर्षांपूर्वी बेन दाओमधली प्रतिष्ठित मंडळी कुठं जात असत, हे त्यांनी गावातल्या सर्वांत वृद्ध गृहस्थांना विचारलं. गृहस्थांनी हात उचलून खिडकीबाहेर नदी दाखवली. लाम यांनी दोन जुनी दस्तऐवजांची गाठोडी चाळली. त्यांत होड्यांची, दालचिनीची, तीन खटल्यांची आणि एका घटस्फोटाची माहिती सापडली, बाथरूम सापडलं नाही. तेव्हा त्यांनी दुसरा अर्ज केला आणि चौथ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं : नदी.

शेरा आला : "प्रेरणा स्तुत्य. नदी दोन मीटर बाय दीड मीटरमध्ये कशी बसवणार याचा नकाशा तीन प्रतींत जोडावा."

कक्षाचं काम संथ होतं असा कुणी समज करून घेऊ नये. त्या साली तीनशे बारा अर्ज आले आणि नऊ बाथरूमं मंजूर झाली. त्यांतली आठ हॉटेलांत आणि कॉफीच्या दुकानांत झाली, कारण तिथल्या बाथरूमला 'पाहुण्यांची सोय' म्हणतात आणि सोयीला प्रेरणा लागत नाही. प्रेरणा लागते ती फक्त घरच्या माणसाला. नववं बाथरूम देवळात झालं.

मग ती आठ तरी पाहावीत, असं लाम यांनी ठरवलं. पद्धत सोपी होती. दुकानात जायचं, दुधाची घट्ट कॉफी मागवायची, ती प्यायची आणि मग आत जायचं. कॉफीमुळे आत जाणं ओघानेच यायचं, त्यामुळे पाहणीत कधी खंड पडला नाही. त्यांनी दोनशे पानी वही केली. त्यात वाळलेल्या बांबूच्या नळाची चित्रं होती, नदीतल्या गोट्यांच्या जमिनीची होती, फुटक्या बशा चिकटवून केलेल्या भिंतीची होती. एका दुकानात आरसा होडीच्या आकाराचा होता. दुसऱ्यात होडीच आरशाच्या आकाराची कापून लावली होती. आठ झाली, पण लाम थांबले नाहीत. शेजारच्या गावांतली धरून त्यांनी एकेचाळीस बाथरूमं पाहिली.

"मिळाली का प्रेरणा," ते परत आले की लिएनबाई पीठ फेटता फेटता विचारायच्या, "की नुसतीच लघवी झाली?"

लाम वही उघडून बसत. त्यांची दृष्टी बदलत चालली होती. एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "पाण्याला अवकाश हवा."

"अवकाश राहू दे," दिएप आजी म्हणाल्या. "मला धरायला कठडा हवा."

लाम हसले. त्यांनी वहीत लिहिलं : 'कठडा – होडीच्या काठासारखा?'

असे चौदा महिने गेले. या काळात आजींनी स्वतःहून एक काटकसर केली. दुपारी तीननंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं. (या बाबीसाठी कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.)

शेवटी प्रत्यक्ष पाहणीचा दिवस उजाडला. उयेनबाई आल्या, त्यांच्याबरोबर दानांग शहरातून एक वास्तुतज्ज्ञ सल्लागार आले. त्यांनी काळा सदरा घातला होता आणि ते हळू बोलत. जिन्याखालच्या खोलीत मंडळी चार मिनिटं थांबली, कारण मासळीच्या रांजणांचा वास पाचव्या मिनिटाला थांबू देत नाही. मग सल्लागारांनी हात धुवायला पाणी मागितलं. लाम त्यांना परसात घेऊन गेले. सल्लागार तीन पायऱ्या उतरले, दार उचलून उघडलं आणि आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"भिंतीवर बोटांचे ठसे आहेत," ते म्हणाले.

"वडिलांचे," लाम म्हणाले. "त्यांच्याकडे थापी नव्हती."

पुढचं सगळं विलक्षण वेगाने झालं. अकरा दिवसांत ठराव आला. (बाथरूमच्या अर्जाला सेहेचाळीस दिवस लागत असत, पण त्यात प्रेरणा तपासावी लागे.) घर क्रमांक एकोणीसच्या परसातील बांधकाम हे 'रेशनकालीन सिमेंट-स्थापत्याचा अस्सल आणि वापरातील नमुना' असल्याने ते जतन करण्यात येत आहे. 'वापरातील' या शब्दाखाली रेघ होती. घरात दुसरं बाथरूम झालं तर हा नमुना वापरातून जाईल; वापरातून गेला तर अस्सल राहणार नाही; सबब जिन्याखालील बाथरूमचा अर्ज जतनाच्या हितासाठी निकाली काढण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी अर्जदारास.

तर्कात कुठंही खोट नव्हती. लाम यांनी दोनदा वाचून खात्री केली. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. वडिलांनी बांधलेल्या वस्तूवर पितळी फलक लागला. लाम फलकाशेजारी उभे असलेला फोटो जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आला.

दिएप आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "चव्वेचाळीस वर्षं बसतेय मी त्यात," त्या म्हणाल्या. "मला कुणी फलक लावला नाही."

पाहुणे सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच या वेळात येऊ लागले. लाम त्यांना सिमेंटचा इतिहास सांगत. समोरच्या गल्लीतल्या हॉटेलने तर या संडासापासून प्रेरणा घेऊन बारा खोल्यांत तशाच खरबरीत सिमेंटच्या मोऱ्या केल्या. हौदावर तसंच भांडं ठेवलं, फक्त त्याच्या दांड्याला तागाची दोरी बांधली. भिंतीवर बोटांचे ठसेही उमटवले. त्यासाठी दोन कलाशाखेचे विद्यार्थी आणले होते. हॉटेलला परवानगी लगेच मिळाली. सोय होती ती.

आजींनी आपलं वेळापत्रक पाहुण्यांच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतलं. नऊच्या आधी, अकरानंतर, तीनच्या आत. पण त्र्याऐंशीचं आता पंच्याऐंशी झालं होतं, आणि शरीर ठराव वाचत नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास अकरा जणांचा गट आला. त्यातलं एक तरुण जोडपं आत गेलं आणि त्यांनी कडी लावली. मुलीला भांड्याने पाणी ओततानाचा फोटो हवा होता. पाणी नीट दिसेना, म्हणून पुन्हा ओतलं. पुन्हा ओतलं. बाहेर लाम उरलेल्या नऊ जणांना पुलाची गोष्ट सांगत होते. दिएप आजी काठी टेकत आल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि तिसरीवर थांबल्या. पाहुण्यांसमोर दार ठोठावायचं नसतं, असं त्यांना लहानपणी शिकवलेलं होतं. त्या थांबल्या. आत पाण्याचा आवाज येत राहिला.

"लाम," त्या हळूच म्हणाल्या.

लाम पुलाच्या दुसऱ्या खांबापर्यंत पोचले होते. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट.

दुसऱ्यांदा आजींनी हाक मारली नाही. लाम यांनी वळून पाहिलं ते पाहुण्यांपैकी एकजण एकाएकी नजर दुसरीकडे वळवून उभा राहिला म्हणून. आई भिंतीला धरून उभी होती. तिच्या जांभळ्या पायजम्यावरून ओघळ पायरीवर आला होता.

लाम यांनी अंगातला शर्ट काढला आणि आईच्या कमरेभोवती बांधला.

"हळू," आजी म्हणाल्या. "तुझी माणसं बघतायत."

लिएनबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी सासूला धरून आत नेलं आणि जाताना परसाचं दार लावून घेतलं. त्या घरात पूर दरसाल आला होता, पण असं कधी झालं नव्हतं.

ती दुपार लाम परसात उघड्या अंगाने बसून होते. आपण आईसाठी चौदा महिने हिंडलो असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग आठवायला लागलं की एकेचाळीस बाथरूमं पाहताना एकदाही आईला बरोबर नेलं नव्हतं. घरात ती एकच व्यक्ती होती जिला बाथरूम हवं होतं, आणि तिला कसं हवं हे कुणी विचारलं नव्हतं. तिने आपण होऊन एक गोष्ट सांगितली, तीही त्यांनी वहीत होडीची करून टाकली होती.

चार वाजता ते बोनच्या घरी गेले.

"आज येतोस?"

"परवानगी आली?"

"आली," लाम म्हणाले.

चौतीस वर्षांच्या सेवेतलं आणि त्यानंतरचं हे त्यांचं पहिलंच खोटं विधान. ते इतकं सहज निघालं की त्यांना थोडा रागच आला.

रांजण परसात गेले. बोन कामाला लागण्याआधी आजींसमोर उकिडवा बसला. "आजी, कसं पाहिजे?"

आजींनी विचार करायला वेळ घेतला नाही. "पाय घसरेल अशी फरशी नको. दिवा असा लाव की मला माझी पावलं दिसतील. आणि दोन्ही बाजूंना धरायला."

"रंग?"

"रंगाला मी धरणार आहे का?"

काम सात दिवसांत झालं. बोनकडे दुसऱ्या कामातून उरलेल्या टाइल होत्या, गुलाबी, प्रत्येकीवर उडी मारणारा डॉल्फिन. मासा उलटा लागला तर तो डुबकी मारतोय असं वाटे, म्हणून बोनने दिशेची फिकीर केली नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी नळीचे कठडे. आपण एवढं कुरूप बाथरूम एकेचाळीसांत पाहिलं नाही, हे लाम यांना ताबडतोब कळलं. इतकी दृष्टी त्यांना आली होती.

पहिल्या दिवशी आजी आत गेल्या त्या पाऊण तास बाहेर येईनात. लिएनबाईंनी दारावर टकटक केली.

"आई, ठीक ना?"

"ठीक आहे. बाहेर कोणी थांबलंय का?"

"कोणी नाही."

"मग बसते अजून."

त्या रात्रीपासून आजी जेवणानंतर पेलाभर पाणी पिऊ लागल्या.

नवव्या दिवशी उयेनबाई आल्या. तक्रार समोरच्या हॉटेलने केली होती. मूळ नमुना वापरातून गेल्यामुळे त्यांच्या बारा मोऱ्यांच्या अस्सलपणाला धक्का बसत होता. उयेनबाईंनी दिवा लावला. गुलाबी भिंतींवरून सगळे डॉल्फिन त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी दोन्ही कठडे धरून पाहिले.

"काका," शेवटी त्या म्हणाल्या, "मी जरा जाऊ का आत?"

बाहेर आल्यावर त्यांनी वही मिटली आणि आवाज खाली आणला. "गवंड्याचा नंबर द्याल? माझं सासर दुसऱ्या श्रेणीचं आहे. सासूबाईंना तेवीस पावलं चालावं लागतं."

"मग अर्ज करा की," लिएनबाई म्हणाल्या. हा टोमणा मारायला त्या दोन वर्षं टपून बसल्या होत्या.

"केला होता काकू. प्रेरणा म्हणून सासूबाईंचे गुडघे लिहिले. मीच परत पाठवला. दुसरं काय करणार? शेरा मीच ठरवलाय."

नंबर त्यांनी घेतला. कारवाई मात्र झाली, कारण ती व्हायलाच हवी होती. घर क्रमांक एकोणीस चौथ्या श्रेणीत ढकलण्यात आलं. लाम यांच्या नातलगांत आठवडाभर सुतक पाळल्यासारखी शांतता होती. मग एकेक जण बाथरूम पाहायला आला, आत जाऊन आला, आणि पुढच्या तीन महिन्यांत गावातल्या त्रेसष्ट कुटुंबांनी आपलंही घर चौथ्या श्रेणीत टाकावं असे अर्ज केले. कक्षाने त्यासाठी नमुना अकरा काढला आहे. त्यात श्रेणी का घसरावी याचं कारण विचारलेलं नाही. प्रेरणा विचारली आहे.

पितळी फलकाचंही नीट झालं. वापरातून गेलेल्या नमुन्यावर तो ठेवता येईना, म्हणून काढून घर क्रमांक सत्तावीसच्या परसात लावला. तिथला संडास १९८१ चा, भिंतीवर ठसे तळहाताचे, आणि मुख्य म्हणजे तो वापरात आहे. घरात एकोणऐंशी वर्षांच्या एक विधवा बाई एकट्या राहतात. वेळ तीच, नऊ ते अकरा आणि तीन ते पाच. दारापाशी अभिप्रायाची वही ठेवली आहे. तिच्यात नऊ भाषांत कौतुक आहे, आणि गेल्या हिवाळ्यात सहलीला आलेल्या कुणीतरी स्वच्छ देवनागरीत लिहून ठेवलंय : 'किती साधी माणसं! किती कमी गरजा! खूप प्रेरणा मिळाली.' खाली सही आहे, पण ती वाचता येत नाही. तुमची असेल तर तुम्हाला आठवेलच. पुढच्या खेपेला आलात तर फोटो जरूर काढा, फक्त कडी लावून फार वेळ घेऊ नका. बाहेर उन्हात भिंतीला धरून उभ्या असलेल्या बाई प्रदर्शनाचा भाग नाहीत.